एकशे सत्तर मिली

१२ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. तुझं वजन दीड किलोनं वाढल्याचं तुझ्या लेकीनं कळवलं, ऐकून बरं वाटलं. पण कुठल्या काट्यावर केलं तेही कळव. तुमच्या न्हाणीघरातला काटा मी मागे पाहिलाय, तो सातशे ग्रॅम जास्त दाखवतो. त्यात तू चपला घालून उभी राहिली असशील तर विषयच संपला. हसणार असशील तर पोटावर उशी धरून हस, सर्जननी सांगितलंय.

इकडे सगळं ठीक. हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि त्याच्या दुप्पट ही कुरकुरते. ऑफिसात नवीन वजनांचा संच आलाय, चकचकीत. कुणी उघड्या हातानं उचलू नये म्हणून किल्ली मी माझ्याकडे ठेवली आहे. सगळे माझ्यावर चिडून आहेत, म्हणजे खातं नीट चाललंय.

तू म्हणशील, चार बसथांब्यांवर राहतो आणि पत्र कसलं लिहितो. एक तर तुझा घसा अजून बसलेला आहे, फोनवर तू ओढून ओढून बोलतेस ते ऐकवत नाही. आणि दुसरं, फोनवर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तू ओळखतेस की स्वारी काहीतरी करून आली आहे. लहानपणापासूनची तुझी सवय. पत्रात माणसाला जरा सावरून बसता येतं.

खाण्याचं नीट चाललंय ना? दिवसातून सहा वेळा, एका वेळी मुठीएवढं, आणि खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. गॅलरीत दहा फेऱ्या. तुला भरल्या ताटाची सवय, वाटीत खायचं म्हणजे तुला भातुकली वाटत असेल. तरी खा.

आता कामाचं. हॉस्पिटलचं पत्र आलंय. चोवीस तारखेला सकाळी अकरा वाजता आपल्या तक्रारीची चौकशी आहे. तू तक्रारदार, मी साक्षीदार. तुला यायची गरज नाही, तुझा अर्ज पुरेसा आहे असं त्यांनी लिहिलंय. अर्जात आपण म्हटलंय की तुझ्या नाकातल्या नळीतून येणारं पोटातलं पाणी वॉर्डातल्या सिस्टरनं कमी मोजलं, म्हणून नळी लवकर काढली गेली, म्हणून तुला उलटी झाली, ती फुप्फुसात गेली आणि अकरा दिवस तू यंत्रावर होतीस. हे सिद्ध झालं तर सिस्टरची नोकरी जाईल. एकोणीस वर्षांची नोकरी आहे. पुन्हा कुठल्या हॉस्पिटलात तिला कुणी उभं करणार नाही.

मला असं वाटतं, ताई, की अर्ज मागे घ्यावा. तू बरी होते आहेस, आता कशाला ते उकरून काढायचं. माणसाच्या हातून होतं कधी कधी. तू फक्त दोन ओळी लिहून पाठव, 'मला तक्रार पुढे न्यायची नाही' एवढंच. खाली सही. बाकीचं मी बघतो.

अर्ज माझ्याच अक्षरात आहे हे मला माहीत आहे. तुझा हात थरथरत होता म्हणून मीच लिहिला. तरीही म्हणतोय.

लेकीला आशीर्वाद. तिला म्हणावं, काटा बदला.

तुझा
मापाडी


१७ नोव्हेंबर

ती. ताई,

नमस्कार. पत्र मिळालं. पाच ओळींचं पत्र आणि त्यातल्या चार ओळी मला झाडण्यात गेल्या, म्हणजे तुझी तब्येत खरंच सुधारते आहे.

तू लिहिलंस, 'भांड्यावरच्या खुणा पुसल्या आहेत हे तूच मला सांगितलंस. तू मापातला माणूस. तुझ्यावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणावर? आता त्या बाईची दया कसली येते तुला?'

बरोबर आहे. तो मुद्दा माझाच. अर्जातलं पाचवं वाक्य मी आज पुन्हा वाचलं: 'मोजमापासाठी वापरलेल्या पात्रावरील खुणा पुसट झालेल्या असून त्यावरील नोंद विश्वासार्ह मानता येत नाही.' आणि खाली, तुझ्या सहीशेजारी, माझी सही आणि माझा हुद्दा. निरीक्षक, वजनमापे. अर्जाला खरं वजन आलं ते त्या हुद्द्यानं. एरवी असे अर्ज त्यांच्याकडे ढिगानं येतात, कोण बघतं.

म्हणून हे तुला सांगायला हवं. ते भांडं मी तपासलं होतं. अर्ज लिहिण्याच्या कितीतरी आधी, तुझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. काही कारण नव्हतं, हात स्वस्थ बसत नाहीत एवढंच. ऑफिसच्या बॅगेत शंभर मिलीचं काचेचं माप होतं, सिस्टर चहाला गेली तेव्हा मी बेसिनपाशी उभा राहून पाच वेळा पाणी ओतून पाहिलं. पाचशेला पाचशे. खुणा पुसट आहेत, पण जिथल्या तिथे आहेत. पुसट असणं आणि चूक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी नव्या पोरांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतो.

मग अर्जात तसं का लिहिलं, हे तू विचारशील. तुझा राग पाहून लिहिलं असं समज. तू आयसीयूतून बाहेर आलीस, तुझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि पहिलं वाक्य पुटपुटलीस ते 'कुणी केलं हे?' तेव्हा मला कुणाकडे तरी बोट दाखवावंसं वाटलं.

सिस्टरबद्दल थोडं लिहितो, कारण तू तिला अर्धवट गुंगीतच पाहिलं आहेस. कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, तुला मावशी म्हणायची आणि मला मामा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिनंच तुला उभं केलं. मी म्हणालो, "अहो, काल पोट फाडलंय तिचं." तर म्हणाली, "म्हणूनच चालवायचं मामा. पोटाला वाटतं आपल्यावर फार मोठा अन्याय झालाय, ते रुसून बसतं. चार पावलं टाकली की त्याला कळतं, घर अजून चालू आहे." तुला धरून ती दारं मोजायची. पहिल्या दिवशी तीन दारं, मग सहा, मग खिडकीपर्यंत. तुझी साखर दर चार तासांनी बघायची, म्हणायची साखर चढली की पोट सुस्तावतं. दुखण्याचं कडक औषध तू मागितलंस की आधी साधं देऊन बघायची, कारण त्यानंही पोट झोपतं. तुला चघळायला गोळी तिनंच आणून दिली, तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण येतंय. तू चघळायला लागलीस आणि मी म्हणालो, शाळेत असतीस तर बाकावर उभी केली असती. तुझ्या डोळ्यांत हसू आलं होतं.

सर्जननी मला व्हरांड्यात समजावून सांगितलं होतं. स्वादुपिंडाची गाठ काढताना आतली वाट बदलावी लागते, जठर नव्या जागी जोडावं लागतं, आणि त्यामुळे पुष्कळांचं पोट काही दिवस रिकामंच होत नाही, सगळं साचून राहतं. ते होऊ नये म्हणून आम्ही सगळं करतो, म्हणाले, आणि तरी झालं तर घाबरायचं नाही. नळी ठेवायची, साचलेलं बाहेर येऊ द्यायचं, वाट बघायची. आठ दिवस, पंधरा दिवस. आपोआप चालू होतं. चोवीस तासांत दोनशे मिलीच्या आत आलं की नळी काढू.

गुरुवारी पाचशे वीस आलं. शुक्रवारी चारशे ऐंशी. शनिवारी सकाळी एकशे सत्तर, आणि नऊ वाजता नळी काढली. सोमवारी तुला उलटी झाली, तेव्हा मी नव्हतो, खात्याच्या कामाला बाहेरगावी होतो, हे तुला माहीतच आहे.

ताई, नळीचा तुला किती त्रास होता हेही आठव. नाकपुडी सोलून निघाली होती. नळी घशात टोचायची म्हणून तू बोलू शकत नव्हतीस, तू, जिला गप्प बसवायला शाळेत हेडबाईंना खाली यावं लागायचं. शुक्रवारी संध्याकाळी तू मला कागदावर लिहून दिलंस, 'ही नळी काढायला सांग. मला आता सोसत नाही.' तो कागद माझ्यापाशी आहे. तेव्हा नळी लवकर निघाली ती एका अर्थी तुझ्याही मनासारखीच निघाली. कुणी वाईट हेतूनं काही केलं नाही.

काल मी सिस्टरला भेटलो. चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डातून काढून कपड्यांच्या कोठारात बसवलंय. खोलीला खिडकी नाही. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे मोजून गठ्ठे बांधते आणि वर चिठ्ठी लावते. मला पाहून उठली. पहिलं विचारलं ते "मावशी कशा आहेत? थोडं थोडं खातात ना?" मग म्हणाली, "मामा, चोवीसला तुम्ही येणार ना? मग मला काळजी नाही. त्या सकाळी मी तुम्हाला काय विचारलं होतं ते तुम्हाला आठवत असेल."

मी म्हणालो, बघतो. आणि निघून आलो.

अर्ज मागे घे, ताई. मी कधी तुझ्याकडे काही मागत नाही.

तुझा
भाऊ


२२ नोव्हेंबर

ताई,

तुझं दुसरं पत्र आलं. एकच ओळ: 'तू काहीतरी लपवतो आहेस. तुझं अक्षर बारीक झालंय.'

हो.

आज सकाळी साडेदहाला मी चौकशी समितीच्या कार्यालयात जाऊन लेखी जबाब दिला, दोन प्रतींत, पोच घेतली. तिसरी प्रत या पाकिटात आहे. आधी तो दिला आणि मग तुला लिहायला बसलो, कारण उलटं केलं असतं तर तुझ्या रागाच्या भीतीनं मी पुन्हा काहीतरी गोलगोल लिहून मोकळा झालो असतो. माझी मला आता चांगली ओळख पटली आहे. जबाबात खात्याच्या भाषेत लिहिलंय, तुला माझ्या भाषेत सांगतो.

पिशवी मी रिकामी केली.

शनिवारी सकाळी सहा वाजता. तू झोपली होतीस, तोंड थोडं उघडं, ओठ सुकलेले. पलंगाच्या कडेला नळीची ती पिशवी लटकत होती, निम्म्याहून जास्त भरलेली, तसलंच हिरवं पाणी. मापाच्या माणसाला भांड्यात ओतायची गरज नसते, नुसत्या फुगवट्यावरून कळतं. आजही साडेचारशेच्या घरात जाणार हे मला दिसत होतं. पिशवीला खाली तोटी असते. तुझा तोंड धुवायचा निळा मग मी तिच्याखाली धरला, तोटी उघडली, बेसिनमध्ये ओतलं, वरून नळ सोडला. मग पुन्हा एकदा. मग धुतला आणि जागेवर ठेवून दिला. हात साबणानं धुतले.

सात वाजता सिस्टर आली. तिनं पिशवी काढली, भांड्यात ओतली, चष्मा लावला, भांडं डोळ्यांच्या रेषेत धरलं. ताई, ती भांडं डोळ्यांच्या रेषेत धरते. आमच्या खात्यात निम्मे लोक तेवढं करत नाहीत. एकशे सत्तर. ती तिथेच थांबली. म्हणाली, "काल चारशे ऐंशी आणि आज एकशे सत्तर? मामा, पिशवी मध्ये कुणी रिकामी केली का?"

मी म्हणालो, "नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही मापातले आहात, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच." आणि चार्टवर लिहिलं.

एवढंच झालं. सर्जन आले, आकडा पाहून खूश झाले, म्हणाले पोट लवकर ताळ्यावर आलं. नळी निघाली. तू पहिला शब्द बोललीस तो "मापाड्या". दुधाच्या पेल्यावर पेन्सिलीनं रेघ मारून आपल्या दोघांना सारखं वाटून देणाऱ्या पोराला तू ते नाव दिलंस, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्या दिवशी तू घोगऱ्या आवाजात ते म्हणालीस आणि मी हसलो. हसता आलं मला.

तुझं पोट रुसलं होतं, तो कुणाचाच दोष नव्हता. नळी आणखी आठवडाभर राहिली असती, तुझं नाक आणखी सोललं असतं आणि एक दिवस तू आपोआप सूप प्यायली असतीस. त्याऐवजी सगळं आत साचत राहिलं. सिस्टरनं दारं मोजून मोजून जे टाळायचं पाहिलं, ते मी दोन मगांत करून ठेवलं. अकरा दिवस यंत्र, घशात नळी, बसलेला आवाज, आणि गाठीवरची जी पुढची औषधं सहा आठवड्यांत सुरू व्हायची ती अजून सुरू झालेली नाहीत. हे लांबण्यानं काय होईल हे सर्जन स्पष्ट सांगत नाहीत. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, बघू या. आता ते काय बघणार आहेत, याची भीती मला सकाळी जाग आल्या क्षणापासून असते.

का केलं, ते मागच्या पत्रात मी तुझ्यावर ढकललं. तुझ्या कागदावर. तो कागद आता पाकिटात घालतोय, उलटून बघ. पुढच्या बाजूला 'ही नळी काढायला सांग' आहेच. मागच्या बाजूला त्याच संध्याकाळी तू काय लिहिलंस ते मी मागच्या पत्रात गाळलं होतं. 'तू परिषदेला जा. लेक येतेय. नळी काय, ती कुठे पळून जात नाही.'

त्या परिषदेला खात्यानंच मला सक्तीनं पाठवलं होतं असं तू समजतेस. मीच तसं पसरवलं. सक्ती कुणाचीच नव्हती, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला भाषणाला बोलावलं होतं. शनिवारी दुपारी दोनची गाडी होती. मी नळी असतानाही जाऊ शकलो असतो, तू परवानगी दिली होतीस, तुझी लेक येणार होती. पण मग लोक म्हणाले असते, बहिणीच्या नाकात नळी आणि हा निघाला भाषण करायला. मला जायचंही होतं आणि चांगलंही दिसायचं होतं. नळी निघालेली बहीण मागे ठेवून निघालं की दोन्ही साधत होतं. त्यासाठी केलं. तुझ्या दुखण्यासाठी नाही, तुझ्या नाकासाठी नाही. माझ्या.

भाषणाचा विषय तुला कधी सांगितला नाही. 'मापातील लबाडी कशी ओळखावी'. सोमवारी सकाळी अकरा वाजता मी व्यासपीठावर उभा राहून पेट्रोलपंपवाले काय करतात, तराजूच्या पारड्याखाली लोहचुंबक कुठे चिकटवतात, हे चढ्या आवाजात सांगत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरलो तर फोनवर लेकीचे चौदा कॉल. तिला मी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "उलटी किती झाली?" ती रडत म्हणाली, "मामा, मोजायला कोण बसलंय."

नंतर तू 'कुणी केलं हे' असं विचारलंस. तुझ्या पलंगाशेजारी बसून मी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, मार्जिन सोडून. बरोबर असलेल्या भांड्याला चूक ठरवलं आणि खाली हुद्दा लिहिला. आयुष्यभर मी दुकानदारांना म्हणत आलो की गरिबाच्या पिशवीत पन्नास ग्रॅम कमी घालताना हात कसा कापत नाही तुमचा. माझा नाही कापला. हे मला सगळ्यात जास्त लागलंय.

जबाब देऊन मी तसाच कोठारात गेलो. सिस्टर चादरींच्या घड्या घालत होती. मी उभ्यानंच सांगितलं, सगळं, मगासकट. वाटलं होतं ओरडेल, निदान चादर टाकून देईल. तिनं ती घडी पूर्ण केली, गठ्ठ्यावर ठेवली आणि चष्मा लावला.

"किती होतं?" तिनं विचारलं.

मला कळेना.

"ओतलंत ते. किती मिली होतं?"

"दोन मग," मी म्हणालो. "मोजलं नाही. अंदाजे तीनशे असेल."

"मामा, आम्ही अंदाजे लिहीत नाही," ती म्हणाली. "मावशींच्या त्या दिवसाच्या चार्टवर माझ्या अक्षरात एकशे सत्तर आहे. ते बरोबर आहे, तेवढंच पिशवीत होतं. पण मावशींच्या पोटातून तेवढं आलं नव्हतं. खरा आकडा मला तिथे लिहायचाय."

मग ती पुढची चादर घेऊन उभी राहिली. मला बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी थोडा वेळ चादरीचं दुसरं टोक धरावं का असा विचार करत उभा राहिलो, पण तिनं ते टोक हनुवटीखाली धरून एकटीनंच घडी घातली. तेव्हा निघालो.

समिती काय ठरवेल ते ठरवेल. माझ्या खात्यालाही एक प्रत मी स्वतःच पाठवली आहे. हिला काल सांगितलं. हिनं दुपारी ऑफिसच्या कोटावरचा तो बिल्ला काढून कपाटात ठेवला. तिला आवडायचा तो बिल्ला, दर रविवारी पुसायची.

हे पत्र मी स्वतः येऊन तुझ्या दारातल्या पेटीत टाकणार आहे. घंटी वाजवणार नाही. तू दार उघडून समोर उभी राहिलीस तर मला तोंड दाखवता यायचं नाही.

अशा पत्राच्या शेवटी चूक पोटात घाल असं लिहायची पद्धत आहे. लिहायला घेतलं आणि पेन अडलं. तुझ्या पोटानं जे बाहेर काढलं ते मी लपवलं, आता माझं आणखी काही तुझ्याच पोटात घाल असं कुठल्या तोंडानं म्हणू. घालू नकोस. राहू दे बाहेरच, दिसू दे.

फक्त एक काम कर. तो निळा मग तुझ्या हॉस्पिटलच्या पिशवीत अजून असेल, काठाला टवका उडालेला. पहिल्यांदा मी तो टवक्याच्या खालच्या कडेपर्यंत भरला होता. दुसऱ्यांदा कानाच्या वरच्या टोकापर्यंत. लेकीला सांग, पाकिटासोबत माझं काचेचं शंभर मिलीचं माप ठेवलंय, त्यानं दोन्ही खुणांपर्यंत पाणी ओतून बघायचं. माप डोळ्यांच्या रेषेत धरायला सांग, वरून बघू नये. आलेल्या बेरजेत एकशे सत्तर मिळवा. चोवीसला अकराच्या आत तो आकडा मला कळव, मला तो सिस्टरला द्यायचाय.

फोनवर नुसता आकडा सांगितलास आणि ठेवून दिलास तरी चालेल. पत्राखाली ते नाव आज मी लिहीत नाही.

आकड्याची वाट बघत,
तुझा धाकटा भाऊ